कडेला करपलेली

२ मे १७०४, बाथ

ही वही अँब्रोस टकरने ब्रिस्टलहून आणली. तो आमचा पाववाला. पाव टाकून निघून जायचं सोडून रोज सकाळी माझ्या चुलीपाशी बसतो, मी भाजलेला टोस्ट बिअरमध्ये बुडवून खातो आणि मग जातो. तीन वर्षं झाली या सवयीला. स्वतःच्या भट्टीत शंभर पाव भाजणारा माणूस दुसऱ्याच्या दारी टोस्ट खायला येतो, याला काय म्हणावं? मी चिक्कू म्हणते. वही देताना म्हणाला, "डॉर्कसबाई, मी असेपर्यंत माझ्याशी बोलता. मी गेल्यावर कुणाशी बोलता?" मांजराशी, असं मी सांगितलं. तो म्हणाला, "मांजर लिहून ठेवत नाही."

आज लिहिण्यासारखं घडलं खरं. सर जॉस्लिन वेअर आणि त्यांचे तिघे मित्र समोरच्या दारूखान्यावर रुसले आणि त्यांनी आपली दर मंगळवारची बैठक माझ्या खाणावळीत, 'पितळी किटली'च्या माडीवर आणली. बडी मंडळी. गरम वाइन मागवली, प्रत्येक प्याल्यात एक टोस्ट. मी दोन दिवसांचा शिळा, घट्ट पाव घेतला, बोटभर जाड काप केले, लांब काट्याला लावून सफरचंदाच्या लाकडांच्या निखाऱ्यावर धरले, वरून जायफळ किसलं. माझ्या बहिणीची मुलगी केझिया ते वर घेऊन गेली. आई गेल्यापासून ती माझ्याकडेच आहे, आता एकोणीस पुरी होईल.

मी जिन्यात उभी राहिले. चोरून ऐकत नव्हते, जिना पुसत होते. वर खुर्च्या सरकल्या आणि सर जॉस्लिनचा आवाज आला: "किटलीच्या टोस्टच्या नावाने! अख्ख्या बाथमध्ये हिच्या तोडीची टोस्ट नाही." बाकीचे टेबल बडवायला लागले.

मी पायरीवर बसलेच. वीस वर्षं टोस्ट भाजते आहे. माझा नवरा, देव त्याला शांती देवो, "मीठ कमी आहे" याखेरीज त्यावर एक शब्द कधी बोलला नाही. आणि इथे चार सरदार उभे राहून माझ्या टोस्टच्या नावाने पीत होते. मला हसू येत होतं आणि रडूही. शेवटी फडकं तोंडात धरून दोन्ही उरकलं.

टोस्टला ते 'ती' म्हणाले, ते जरा खटकलं. मग आठवलं, खलाशी आपल्या जहाजालाही 'ती' म्हणतात. ज्या वस्तूवर माणसाचा जीव जडतो ती बाईच होते म्हणायची.

३ मे

प्याले विसळताना बघितलं तर चारही टोस्ट तळाशी जसेच्या तसे, भिजून लगदा झालेले. केझिया म्हणाली, "मावशी, ते त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत." तिला काय कळतंय. मोठ्या घरची माणसं ताटात थोडं टाकतातच, सगळं चाटूनपुसून खाणं त्यांना शोभत नाही. अँब्रोस मात्र तळाचा शेवटचा कण बोटाने काढून खातो. हा फरक आहे घराण्याघराण्यातला.

१० मे

कालच्या मंगळवारी दालचिनी आणि संत्र्याची वाळवलेली साल घातली. वरून ऐकू आलं, "दर वेळी आणखीच गोड वाटते." पुढे मिस्टर लॅश (मंडळातले सगळ्यात धाकटे, गळ्याभोवती एवढी लेस की हनुवटी शोधावी लागते) म्हणाले की टोस्टवर आपण कविता लिहिली आहे. पावावर कविता. मी काटा तसाच विस्तवात धरून ऐकत राहिले आणि डाव्या हाताची कड भाजून घेतली. तिथे आधीचे डाग आहेतच, त्यात एकाची भर.

केझिया काहीतरी सांगत होती, "मावशी, ते टोस्ट म्हणतात ना, ते खरं तर..." मी म्हटलं, आधी जायफळ आण, मग ते आणि खरं तर.

आज सकाळी अँब्रोसने हाताला लोणी लावून दिलं. लावून झालं तरी हात सोडायचं विसरला. भट्टीपुढे उभं राहून राहून त्याचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं. मीही आठवण करून दिली नाही, कारण लोणी थंड होतं आणि बरं वाटत होतं.

३१ मे

मधले दिवस लिहिण्यासारखे नव्हते. एकच माणूस आजारी पडला, तोही इथल्या औषधी कुंडात आंघोळ करून.

काल मात्र कहर झाला. परसातली निळी फुलं फुलली आहेत, ती मी प्रत्येक टोस्टवर तीन-तीन ठेवली. केझियाने माझा जुना निळा झगा लहान करून घातला होता. वाइनच्या घरात असा झगा घालून वावरतात का, पण ऐकेल ती केझिया कसली. ती वर गेली आणि मिस्टर लॅशचा आवाज खालपर्यंत आला: "आज टोस्ट निळ्यात आहे! आता मला मरण आलं तरी चालेल."

तीन फुलांनी एवढं होतं. पुढच्या वेळी पाच ठेवीन.

थोड्या वेळाने वर फाडकन आवाज झाला आणि सगळे खो-खो हसायला लागले. कुणीतरी ओरडलं, "लॅशला टोस्टने चटका दिला!" मी घाबरले, इतके गरम काप वर पाठवायला नको होते. लगेच वाटीत लोणी घालून केझियाकडे दिलं, म्हटलं, मिस्टर लॅशना लाव आणि माझ्या वतीने माफी माग. ती हसून हसून जिन्यातच बसली आणि निम्मं लोणी पायरीवर सांडलं. या मुलीला दुसऱ्याच्या दुःखाचं काही नाही. मिस्टर लॅश उतरताना मी पाहिलं, बिचाऱ्याचा डावा गाल लालबुंद होता. तोंडात घालायचा टोस्ट गालाला कसा लागला, हे मात्र समजलं नाही.

७ जून

ठरलं. पाटी बदलायची. 'पितळी किटली' हे नाव माझ्या सासऱ्याने ठेवलं होतं, आणि ती किटली तर केव्हाच गळायला लागली. आता नाव 'बाथची टोस्ट'. नाव 'टोस्ट' एवढंच ठेवणार होते, पण मंडळाने रूढ केलेलं 'ती' मलाही गोड वाटायला लागलं आहे.

गिडियन स्प्रेक रंगारी आला. चित्रात नक्की काय काढू म्हणाला. मी म्हटलं, टोस्ट काढा, आणखी काय? सगळं गाव ओळखतं, माडीवरच्या मंडळींना विचारा हवं तर.

"विचारलं मी त्यांना," तो म्हणाला. "निळ्यात काढू की पांढऱ्यात?"

"निळ्यात. निळ्यातच ती सगळ्यांना आवडली."

"उभी, की बसलेली?"

"बशीत आडवी," मी म्हटलं.

स्प्रेकला ठसका लागला. म्हणाला, "डॉर्कसबाई, पाटी रस्त्यावर लागणार आहे. समोर चर्च आहे." मी म्हटलं, मग उभी काढा, माझी काही हरकत नाही, पण रंग सोनेरी हवा आणि कडा जरा तपकिरी. तो मान हलवत गेला. कलावंत माणसं, त्यांना सगळ्यात खोच दिसते.

चोवीस तारखेला, सेंट जॉनच्या सणाला, पाटीवरचा पडदा ओढायचा. सगळ्या गल्लीला आमंत्रण आहे.

१४ जून

राग आला आहे.

काल मंगळवार. अँब्रोस सकाळी आला नाही. भर दुपारी आला, तेही रविवारचा कोट घालून आणि केस ओले करून. मला वाटलं, कुणाची मयत आहे. बिअर आणि टोस्ट दिला. तो काही बोलायला तोंड उघडायचा आणि मिटायचा. तेवढ्यात सर जॉस्लिन नवा प्याला मागायला स्वतःच स्वयंपाकघरात उतरले, मागून बाकीचे तिघे. अँब्रोसला बघून म्हणाले, "टकर, तूही प्याला उचल. सांग, तुझी टोस्ट कुठली?"

अँब्रोस उभा राहिला. माझ्या हातात काटा होता, त्या हाताकडे तो बघत होता. म्हणाला, "साहेब, माझी टोस्ट तुमच्यासारखी कोवळी नाही. जरा जुनी आहे. कडेला करपलेली आहे. पण मला दुसरी नको."

जुनी! करपलेली! माझ्या चुलीपाशी बसून, माझ्या हातचं खाऊन, मंडळाच्या देखत. सर जॉस्लिन माझ्याकडे असे बघायला लागले की मी आता काय करते. जे करायचं ते मी केलं. म्हटलं, "टकर, तीन वर्षं रोज खातोस आणि आज तुला ती करपलेली दिसली? न आवडती टोस्ट घशाखाली उतरवायची जबरदस्ती नाही कुणाची. उद्यापासून तुझा पावही नको आणि तूही नको."

त्याचा चेहरा पिठासारखा झाला. "चुकलं माझं," एवढंच म्हणाला. प्याला टेबलावर ठेवला आणि गेला. प्याल्यात टोस्ट तसाच होता. आजवर त्याने कधी टाकला नव्हता.

केझिया माझ्याशी बोलत नाही. जेवताना फक्त म्हणाली, "मावशी, तू जगातली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात ठोंब्या बाई आहेस." मी तिला दोन दिवस भांडी घासायला लावलं आहे.

१९ जून

पुलापलीकडचा नवा पाववाला लावला. पाव हलका, कापसासारखा. वाइनमध्ये पडला की विरघळतो. त्याला सांगितलं तर म्हणतो, बाई, पाव खायला असतो, पोहायला नाही.

चुलीपाशी अँब्रोसच्या स्टुलावर आता मांजर बसतं. बसू दे. मला जागा मोकळीच हवी होती. सकाळी चुकून दोन टोस्ट भाजले, दुसरा मांजराला दिला, त्याने वास घेऊन सोडला.

केझियाने बातमी आणली की अँब्रोस भट्टी मोडून ब्रिस्टलला भावाकडे चालला आहे. भाऊ जहाजांसाठी बिस्किटं भाजतो. शनिवारी चोवीस तारखेला दुपारी गाडी भरून निघणार. मी म्हटलं, छान. समुद्रावर करपलेलं खूप खायला मिळतं. केझिया माझ्याकडे बघत उभी राहिली. मी परसात जाऊन कांदे चिरून आले. कांदे लागत नव्हते कशाला, पण चिरले.

२४ जून, सकाळ

पाटी लागली आहे, वर चादर. फुलांच्या माळा लावल्या. पहाटे दाराबाहेर टोपली ठेवलेली सापडली: सहा पाव, घट्ट, दोन दिवसांचे, मला हवे तसेच. वर चिठ्ठी, 'आजच्या टोस्टसाठी.' सही नाही. सही कशाला हवी, पावाच्या पाठीवर त्याच्या अंगठ्याची खूण असते.

दोन दिवसांचे, म्हणजे परवा भाजले. माझ्यावर रागावलेला असताना. असू दे. कामं पडली आहेत.

२५ जून

काल लिहायला हात रिकामा नव्हता. आज सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

दुपारी बारा वाजता गल्ली फुलून गेली होती. मंडळाचे चौघे पुढे, पाद्रीबाबा सपत्नीक. मी खुर्चीवर चढून भाषण केलं. म्हटलं, "मंडळी, जिच्या नावाने तुम्ही प्याले उचलता ती टोस्ट माझ्याच हातची आहे. तिला मी लहानाची मोठी केली नाही, पण चुलीपाशी उभं राहून, हात भाजून घेऊन, तिला हा रंग आणला. आता ती सगळ्या गावाची आहे. ज्याला हवी त्याने आत यावं." पाद्रीबाबांच्या बायकोने त्यांचा हात धरून त्यांना एक पाऊल मागे ओढलं. बाकी लोक इतके हसत होते की मला वाटलं भाषण जमलं. मी दोरी ओढली.

पाटीवर केझिया होती.

निळ्या झग्यात, उभी, सोनेरी केस, कडेला तपकिरी सावल्या, हातात प्याला. पाव कुठेही नव्हता. गल्लीने टाळ्या वाजवल्या, मिस्टर लॅशनी टोपी आकाशात फेकली. मी खुर्चीवरूनच स्प्रेकला विचारलं, "पाव कुठाय?" तो म्हणाला, "कसला पाव?"

केझियाने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि स्टुलावर बसवलं. अँब्रोसच्या. म्हणाली, आता जायफळ, काटा, कांदे काही मागायचं नाही, तोंड मिटून ऐकायचं. भाजलेला पाव टाकला की वाइनला चव येते ना, तसं एखाद्या बाईचं नाव घेतलं की प्याल्याला चव येते, असं या लोकांचं म्हणणं. म्हणून ज्या बाईच्या नावाने पितात तिलाच हल्ली टोस्ट म्हणतात. "गेले दोन महिने ते माझ्या नावाने पितात, मावशी. लॅशने माझी कंबर धरली म्हणून मी त्याला थोबाडीत दिली, आणि तू लोणी पाठवलंस."

आधी ते लोणी डोळ्यांपुढे आलं. मग बशीत आडवी. मग पाद्रीबाबांची बायको. मी हसायला लागले ती थांबेना. केझियाही हसायला लागली, आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडून हसलो. वीस वर्षांनी झालेलं माझं कौतुक पाण्यात गेलं होतं, पण खरं सांगते, वाईट वाटलं नाही. शेवटी पोरीला नाव मिळालं ते माझ्याच पावावरून. पाव नसता तर काय म्हणाले असते तिला?

डोळे पुसता पुसता अँब्रोसचं बोलणं आठवलं. वही काढून चौदा तारीख उघडली. 'तुझी टोस्ट कुठली?' असं सर जॉस्लिननी विचारलं होतं. आणि तो माझ्या हाताकडे बघत म्हणाला होता... मी माझा डावा हात उलटा करून बघितला. कडेला, करंगळीपासून मनगटापर्यंत, वीस वर्षांचे डाग.

"केझिया," मी म्हटलं, "त्याने मला मागणी घातली होती का गं?"

"ओल्या केसांनी आणि रविवारच्या कोटात," ती म्हणाली. "सगळ्या बाथला कळलं."

चर्चच्या घड्याळात एकचे टोले पडत होते. मी त्याच्याच पावाचा काप कापला, विस्तवावर धरला, गरम बिअरच्या मोठ्या मगात टाकला आणि धावत सुटले. मी त्रेचाळीस वर्षांची, डोक्यावर टोपी नाही, अंगावर पिठाचा एप्रन. मागून केझिया, तिच्यामागून मंडळ, मंडळामागून गल्ली, कारण सणाच्या दिवशी एवढी करमणूक कोण सोडतो? पश्चिमेच्या वेशीपाशी गाडी दिसली, वर पीठ मळायची परात उलटी बांधलेली, आणि अँब्रोस घोड्याचा लगाम धरून वर बसलेला.

"टकर, खाली उतर," मी म्हटलं. श्वास पुरत नव्हता. "मी करपलेली?"

त्याने मागच्या गर्दीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कडेला," तो म्हणाला. "फक्त कडेला."

मी हातातला मग उंच धरला. तेवढ्यात सर जॉस्लिन पुढे होऊन समजावायला लागले की टोस्ट बाईचीच असते, पुरुषाच्या नावाने प्याला उचलायचा मंडळाचा नियम नाही. मी म्हटलं, "साहेब, पाव माझा, विस्तव माझा, तुमचा तो शब्दसुद्धा माझ्याच चुलीवरचा. नियम तुमच्याकडे ठेवा." मग सगळ्या वेशीला ऐकू जाईल असं म्हटलं, "अँब्रोस टकर," आणि निम्मा मग रिकामा केला. उरलेला त्याला दिला.

गर्दी ओरडत होती. केझियाने ओरडून स्प्रेकला सांगितलं की पाटीवरच्या बाईच्या हातातला प्याला पुसून तिथे एक चांगला जाड काप काढ. अँब्रोसला यातलं काही ऐकू गेलं नसावं. तो बिअर प्यायला, मग बोट घालून तळाचा टोस्ट काढला आणि गाडीवर बसल्या बसल्या सावकाश, शेवटच्या कणापर्यंत खाल्ला. मी विचारलं, "मीठ?"

"कमी आहे," तो म्हणाला. "तीन वर्षं कमीच आहे, डॉर्कस."

मग लगाम दुसऱ्याच्या हातात देऊन तो उतरला आणि परात सोडायला लागला. 'बाई' म्हणाला नाही. मांजर लिहून ठेवत नाही, म्हणून मी लिहून ठेवते आहे.